थोरलीची पौर्णिमा

आश्विन आणि कार्तिक हे शरदाचे दोन महिने. या ऋतूचं चांदणं, कमळं, निवळलेलं पाणी यांचं कौतुक आपल्या कवींनी भरपूर करून ठेवलं आहे. पण दोन लहान मुलं असलेल्या नोकरदाराच्या घरात शरद कसा येतो, हे मात्र कोणी फारसं लिहिलेलं नाही. तो दप्तरातून येतो. गणपती गेले की चार-दोन दिवसांत पोरं सहामाही परीक्षेचं वेळापत्रक घरी आणतात, आणि ते कालच द्यायचं राहिलं होतं असं आज सांगतात. पाऊस सरलेला असतो, जमीन अजून ओली असते आणि ढग गेल्यामुळे ऊन मोकळं सुटतं. त्यातून ती घामट काहिली उठते, जिला आपण मराठीतसुद्धा ‘ऑक्टोबर हीट’च म्हणतो. मुलांच्या पाठीवर घामोळं येतं. रात्री पंखा लावावा लागतो आणि पहाटे तोच पंखा बंद करायला कोणी तरी उठावं लागतं. दोन मुलांपैकी एकाला तो चालू हवा असतो, दुसऱ्याला बंद. साचलेल्या पाण्यात डास होतात, ताप येतात. पावसाळ्यात साठलेलं पित्त शरदात उसळतं, असं आयुर्वेद सांगतो. शरद ही वैद्यांची आईच, ती त्यांना पोसते, अशी थट्टाही जुन्या लोकांनी करून ठेवली आहे.

आणि तरीही आपल्या पूर्वजांनी माणसाला आयुष्य मागितलं ते शंभर शरदांचं. शंभर वसंतांचं नाही. मला वाटतं, त्यात काव्यापेक्षा हिशेब अधिक असावा. पावसाळा आणि त्यामागून येणारे ताप काढून जो उरला, त्याचं एक वर्ष जमेला धरायचं. मी आयुष्यभर बँकेत आकडे जुळवले, त्यामुळे कदाचित मला तसं वाटत असेल.

बँकेतल्या माणसाच्या शरदाची सुरुवात ३० सप्टेंबरला होते. पूर्वी बँकांचं वर्ष डिसेंबरला संपायचं. १९८९ पासून ते मार्चला संपू लागलं आणि सहामाही क्लोजिंग सप्टेंबरअखेर आलं. तेव्हा बहुतेक शाखांत संगणक नव्हते. बचत खात्याचं व्याज महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकेवर काढायचं, असा नियम होता. तो २०१० च्या एप्रिलमध्ये बदलला आणि व्याज रोजच्या शिलकेवर मिळू लागलं. पण आमच्या काळी प्रत्येक खात्याचं पान उघडून, प्रत्येक महिन्याची ती किमान शिलक शोधून, पेन्सिलीनं मांडून व्याज काढायचं आणि लेजरला चढवायचं. मग बॅलन्सिंग. तीस पैशांचा फरक आला तरी तो सापडेपर्यंत घरी जायचं नाही. बाहेरच्या माणसाला हे हास्यास्पद वाटेल. पण तीस पैशांच्या फरकामागे तीस हजारांची जमा आणि तितक्याचंच नावे लपलेलं असू शकतं, हे आम्हाला शिकवलेलं असायचं.

१९९३ साली मी सोलापूरला होतो. बदलीची नोकरी. त्या शहरात येऊन आम्हाला जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं. एका बंगलीचा खालचा मजला भाड्यानं घेतला होता. पुढं अंगण, अंगणात कडुनिंब, वर घरमालक. थोरली सहा वर्षांची, पहिलीत. धाकटा अडीच वर्षांचा. थोरलीला मी इथं थोरलीच म्हणतो, कारण घरातही आम्ही तिला तेच म्हणायचो. नाव शाळेच्या हजेरीपुरतं होतं.

हे ‘थोरली’ प्रकरण जरा थांबून पाहण्यासारखं आहे. दुसरं मूल दवाखान्यातून घरी येतं, त्या दिवशी पहिलं मूल एका रात्रीत मोठं होतं. वास्तविक त्याचं वय कालच्यापेक्षा एकाच दिवसानं वाढलेलं असतं. पण आपण त्याला लगेच कामाला लावतो. पाणी दे, लंगोट आण, गप्प बस, बाळ झोपलंय, तू आता मोठी ना. आमच्या थोरलीनं ते इतक्या मुकाट्यानं पत्करलं, की ती स्वतः साडेतीन वर्षांची आहे याचा आम्हाला विसर पडला. ती आपली आपण जेवू लागली, आपली आपण अंघोळ करू लागली. पाहुणे तिचं कौतुक करायचे आणि आम्ही ते ऐकून घ्यायचो. शहाण्या मुलाचा आईबापांना फार मोठा फायदा असतो. त्याच्याकडे बघावं लागत नाही.

त्या वर्षी अनंत चतुर्दशी २९ सप्टेंबरला होती. म्हणजे गणपतीचं विसर्जन एका दिवशी आणि बँकेचं क्लोजिंग दुसऱ्या दिवशी. मी रात्री उशिरा घरी आलो. मुलं मिरवणूक पाहून दमून झोपली होती. शाखेच्या तिजोरीच्या किल्ल्या माझ्याकडे असत. तिजोरी दोन अधिकाऱ्यांच्या किल्ल्यांशिवाय उघडत नाही. एक जुडगा माझा, दुसरा कॅशियरचा. तो जुडगा अंगावेगळा करायचा नाही, असा दंडक. मी तो रात्री उशाखाली ठेवत असे.

पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना किल्लारीचा भूकंप झाला. सोलापूर तिथून फार लांब नाही. आधी मला वाटलं, एखादा अवजड ट्रक घराला घासून चाललाय. मग भांडी पडायला लागली. पत्नी ओरडली. अंधार होता. आम्ही दोघं अंगणात कसे आलो ते आजही मला क्रमानं सांगता येत नाही. वरून घरमालकांचं कुटुंब जिन्यानं धावत उतरलं. सगळी आळी रस्त्यावर आली होती. कुत्री भुंकत होती, कोणी देवाचं नाव घेत होतं. जमीन थांबली होती, पण पायांना ते पटत नव्हतं. पत्नीच्या कडेवर धाकटा होता. तेवढ्यात मालकीणबाई म्हणाल्या, “अहो, थोरली कुठंय?”

पत्नीनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. माझ्या उजव्या मुठीत किल्ल्यांचा जुडगा होता.

मी आत पळालो. घर उभं होतं. मधल्या भिंतीला तेवढा एक तडा गेला होता. थोरली अंथरुणावर बसलेली होती. रडत नव्हती. धाकट्याची दुपटी, उशी सगळं उचकटून तिनं बाजूला टाकलं होतं. मला पाहताच ती म्हणाली, “बाबा, बाळ सापडत नाहीये.”

मी तिला उचलून बाहेर आणलं. कोणी काही बोललं नाही. बोलण्यासारखी ती वेळही नव्हती. आईनं धाकट्याला घेतलं, म्हणजे बापानं थोरलीला घेतलं असणार, असं पत्नीनं धरलं. मी काय धरलं होतं? खरं सांगायचं तर काहीच धरलं नव्हतं. हात आपोआप उशाखाली गेला होता.

नऊच्या सुमारास मी बँकेत गेलो, कारण किल्ल्या माझ्याकडे होत्या आणि सहामाही क्लोजिंग होतं. दुपारपर्यंत बातम्या येऊ लागल्या. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातली गावंच्या गावं जमीनदोस्त झाली होती. तिकडची घरं जाड दगडी भिंतींची, मातीत बांधलेली, वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गार राहणारी ती घरं विसर्जनाहून परत येऊन गाढ झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे दहा हजार माणसं त्या पहाटे गेली. जखमींना घेऊन गाड्या सोलापूरच्या दवाखान्यांकडे येऊ लागल्या. आमच्या शाखेत कोणी रक्त द्यायला गेलं, कोणी घरून चादरी आणल्या. आणि तरी रात्री आम्ही लेजरं उघडून बसलो. फरक एक रुपया साठ पैशांचा होता. तो शोधताना माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. सकाळी घरातली माणसं जुळवायला मी विसरलो होतो. ती शेजारणीनं मोजली.

पुढचे दिवस आम्ही अंगणात झोपलो. जमिनीला अधूनमधून बारीक हादरे बसत होते आणि अफवा तर रोज नवी. पण मुलांना यात मौज वाटू लागली. दिवसभर काहिली असली तरी शरदाची रात्र उघड्यावर फार सुरेख असते. धुळीविना आभाळ, कडुनिंबातून दिसणाऱ्या चांदण्या, पहाटे पांघरुणावर पडलेलं दव. आळीतल्या पोरांना एकत्र झोपायला मिळत होतं. घरमालक रात्री गोष्टी सांगत. त्या अंथरुणांच्या रांगेत कोणाची जात, कोणाचा मजला, कोण भाडेकरू हे काही राहिलं नव्हतं. मोठी माणसं भीतीपोटी एकत्र आली होती आणि मुलांना वाटत होतं, सहल चाललीय.

थोरलीत मात्र एक बदल झाला. झोपण्याआधी ती आम्हाला मोजायची. बोट ठेवून: आई, बाबा, बाळ, मी. मग डोळे मिटायची. मध्येच जाग आली तर पुन्हा मोजायची. एकदा मी पाणी प्यायला उठलो, तर अंधारातून आवाज आला, “एक कमी आहे.”

आठवडाभरानं आम्ही पुन्हा आत झोपू लागलो आणि घराचा गाडा नेहमीच्या चाकोरीत आला. लहान मुलांच्या घरात कुठलंही संकट फार दिवस मुक्कामाला राहू शकत नाही, कारण सकाळी डबा भरायचा असतो. धाकट्याला ताप आला. रक्त तपासलं, मलेरिया निघाला. त्या गोळ्या इतक्या कडू, की साखरेच्या पाकात कालवून दिल्या तरी तो त्या नेमक्या वेगळ्या काढून थुंकायचा. पत्नी रात्रभर त्याच्या कपाळावर घड्या ठेवी आणि सकाळी थोरलीची वेणी घाली. घटस्थापना झाली. घटाच्या मातीत पेरलेल्या धान्याला धाकट्यानं दिवसातून दहा वेळा पाणी घालून तळं केलं, तरी ते उगवलं. शाळेत हादगा सुरू झाला. पाटावर हत्ती काढून मुली फेर धरत. मग झाकणाचा डबा कानाशी वाजवून आत काय खिरापत आहे ते ओळखायचं. सगळ्यांना ओळखता येणार नाही अशी खिरापत आपल्या आईनं द्यावी, हा प्रत्येक मुलीचा हट्ट. आदल्या रात्री तापाच्या पोराजवळ जागलेल्या बायकोनं पहाटे उठून ओल्या नारळाच्या करंज्या केल्या, आणि त्या कोणालाही ओळखता आल्या नाहीत म्हणून थोरली दिवसभर जमिनीवरून चालत नव्हती. दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढली. आपटा म्हणून बाजारात मिळालेली पानं कांचनाची होती, पण सोनं म्हटल्यावर कोणी पारख करत नाही.

हे सगळं मी पाहत होतो असं म्हणणं खरं नाही. यातलं बरंचसं मला नंतर कळलं. मी रात्री आठ-साडेआठला घरी यायचो. पीककर्जाची कामं, क्लोजिंगनंतरची पत्रकं, भूकंपाच्या मदतनिधीची खाती. आमच्या पिढीच्या बापांना मुलं झोपलेली दिसायची. वाढ मात्र दिसायची: उंची चादरीखालूनही कळते.

कोजागिरीला माझी आई बार्शीहून आली. भूकंपानंतर ती पहिल्यांदाच येत होती. आश्विनातल्या या पौर्णिमेला आपल्याकडे घरातल्या पहिल्या अपत्याला ओवाळायची चाल आहे. त्याला ‘आश्विनी’ म्हणतात. कोजागिरीचं मसाल्याचं दूध सगळ्यांना माहीत असतं, पण हे थोरल्या अपत्याचं औक्षण हल्ली बऱ्याच घरांत मागे पडलंय. माझी आई ते दर वर्षी करायची. मलासुद्धा तिनं त्या दिवशी आधी पाटावर बसवलं, पस्तिशीच्या बाप्याला, आणि मग थोरलीला बसवलं. नवा फ्रॉक, कुंकू, अक्षता. धाकटा अर्थातच भोकाड पसरून बसला. त्यालाही पाट हवा होता. आई म्हणाली, “तुझा मान भाऊबीजेला. आज थोरल्याचा.”

थोरलीनं विचारलं, “आजी, थोरल्यालाच का ओवाळतात?”

आई म्हणाली, “अगं बाई, थोरलं मूल येतं तेव्हाच बाईची आई होते आणि बाप्याचा बाप होतो. तू आलीस म्हणून हे दोघं आईबाप झाले. म्हणून पहिला मान तुझा.”

तिनं ते नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, “मग भूकंपात मलाच घरात का ठेवलं?”

निरांजन आईच्या हातात तसंच राहिलं. आईला यातलं काहीच माहीत नव्हतं. महिनाभर त्या घरात हा विषय कोणी काढला नव्हता. मी आणि पत्नीनं एकमेकांशीही काढला नव्हता, कारण काढला असता तर पहिलं वाक्य आरोपाचंच झालं असतं. आता ते पोरीनंच मध्ये आणून ठेवलं होतं, तेही भांडणाच्या सुरात नव्हे. गणिताची शंका विचारावी तसं.

पत्नी म्हणाली, “मला वाटलं, बाबांनी तुला घेतलंय.”

मी म्हणालो, “मला वाटलं, आईनं घेतलंय.”

तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, “म्हणजे दोघांनाही वाटलं होतं.” तेवढ्यावर तिचं समाधान झालं. पाटावर ती थोडी सरकली आणि रडणाऱ्या भावाला म्हणाली, “ये.” आईनं नियम मोडून दोघांनाही ओवाळलं. पण ओवाळताना ताम्हन आधी थोरलीपुढं थांबलं, आणि जरा जास्त वेळ थांबलं.

पत्नीचं वाक्य खरं होतं. माझं तितकंसं खरं नव्हतं. किल्ल्यांबद्दल मी त्या दिवशी बोललो नाही. नंतरही नाही. पत्नीनं त्या पहाटे माझी मूठ पाहिली होती की नाही, हे मी तिला कधी विचारलं नाही आणि तिनंही कधी सांगितलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात अशी दोन-चार खाती असतात, जी दोघंही न उघडता पुढच्या पानावर ओढत नेतात.

थोरली रात्री माणसं मोजायची ती पुढं दिवाळीपर्यंत. मग किल्ल्याची माती, त्यावर पेरलेले हळीव, मातीचे मावळे यांच्या नादात ते कधी थांबलं ते आम्हाला कळलं नाही. आमची बदली झाली. सोलापूर सुटलं. पोरं मोठी झाली.

आता ती पुण्यात असते. तिलाही दोन मुलं आहेत, आठ आणि चार वर्षांची. तिच्या घरातही शरद दप्तरातूनच येतो, फक्त वेळापत्रक आता मोबाईलवर येतं. ताप आला की आता मलेरियाच्या जोडीला डेंग्यूचीही धास्ती असते. आमच्या जावयांचं मला कौतुक वाटतं. ते पोरांच्या वेण्या घालतात, डबे भरतात, शाळेच्या सभेला जातात. कौतुक वाटतं असं मी एकदा बोलून दाखवलं, तेव्हा मुलगी म्हणाली, “बाबा, त्यात कौतुक कसलं? त्यांचीच मुलं आहेत.” मी गप्प बसलो.

गेल्या वर्षी कोजागिरीला आम्ही दोघं तिच्याकडे होतो. औक्षण झालं. मुलं झोपायला गेल्यावर गच्चीत दूध घेत बसलो होतो. त्यांच्या शयनगृहाच्या दाराआड एक कागद चिकटवलेला मी पाहिला होता. त्यावर लिहिलं होतं: रात्री काही झालं तर थोरला आईकडे, धाकटी बाबांकडे, कागदपत्रं, फोन, दागिने कोणीही घ्यायचे नाहीत, खाली गेल्यावर मोजायचं. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, “आमच्या घरचा नियम. वर्षातून एकदा आम्ही त्याची रंगीत तालीमपण करतो. मुलांना आवडते.”

मग मला राहवेना. तीस वर्षांहून जुनी गोष्ट, पण मी सांगून टाकली. म्हणालो, “त्या रात्री आईनं तुला घेतलंय असं मला वाटलं नव्हतं. मला काहीच वाटलं नव्हतं. मी किल्ल्या घेऊन बाहेर पळालो होतो.”

पत्नी चंद्राकडे पाहत होती. तिनं मान वळवली नाही.

थोरली म्हणाली, “मला माहीत आहे, बाबा. मी त्या आवाजानंच तर जागी झाले. भूकंपानं नाही. रोज सकाळी तुम्ही बँकेत जाताना तो आवाज यायचा. मला वाटलं, बाबा ऑफिसला निघाले, म्हणजे सकाळ झाली. म्हणून मी उठून बसले.”

मला काही बोलता येईना. थोड्या वेळानं मी विचारलं, “मग तेव्हा, पाटावर बसलेली असताना, बोलली का नाहीस?”

“आजीसमोर?” ती म्हणाली. “मी थोरली होते ना.”

दूध निवलं होतं. तिनं माझ्या हातातलं भांडं घेतलं आणि गरम करून आणायला आत गेली. जाताना मुलांच्या खोलीत डोकावली. दोघांच्या अंगावरचं पांघरूण सारखं करताना तिचे ओठ हलताना मला दिसले. ती मोजत होती.